केरबा विद्यापीठ निवडतो

नांदगिरी गावात केरबा नावाचा एक भोळा तरुण राहायचा. गणितात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं, आणि व्यवहारात हात धरल्याशिवाय त्याला रस्ता ओलांडता येत नव्हता. त्याला ऑपरेशन्स रिसर्चची पदवी घ्यायची होती. म्हणजे दहा वाटांमधून सर्वांत सोयीची वाट गणिताने शोधून काढायची विद्या. ज्याला जे कमी, त्याने ते शिकावं. यात चूक काहीच नाही.

तीन विद्यापीठांच्या यादीत त्याचं नाव लागलं. शुक्रवारी पाचच्या आत एक निवडायचं, नाहीतर वर्ष वाया. आईमागे त्याला वाढवणाऱ्या आक्काचा जीव टांगणीला लागला. ती म्हणाली, "जा, पहिलं विद्यापीठ नीट बघून ये."

केरबा गेला. फाटकासमोर उभा राहिला आणि दिवस मावळेपर्यंत बघत राहिला. घरी येऊन म्हणाला, "बघितलं. सत्तेचाळीस खिडक्या हायत. तीन फुटक्या."

"अरे शहाण्या, नुसतं बघत्यात व्हय? आत जायचं. इथनं गेलेल्यांना पुढं कुठं नोकरी लागली, असं विचारायचं."

केरबाला पटलं. दुसऱ्या विद्यापीठात तो थेट सभागृहात घुसला. तिथे एका वृद्ध प्राध्यापकांची शोकसभा चालू होती. फोटोला हार घातलेला, सगळे स्तब्ध उभे. केरबाने खणखणीत आवाजात विचारलं, "इथनं गेलेल्यांना पुढं कुठं नोकरी लागली?"

दोन शिपायांनी त्याला उचलून बाहेर ठेवलं.

आक्काने कपाळाला हात लावला. "अरे, तिथं मान खाली घालायची, हात जोडायचे आणि म्हणायचं, 'फार वाईट झालं, धीर धरा.'"

तिसऱ्या विद्यापीठात विभागप्रमुख बाईंनी स्वतः त्याला बोलावलं. पेढा पुढे करत म्हणाल्या, "अभिनंदन! यादीत पहिलं नाव तुमचं. शिष्यवृत्तीही मिळेल."

केरबाने मान खाली घातली, हात जोडले. "फार वाईट झालं. धीर धरा, बाई."

बाई भल्या होत्या. पोरगं आनंदाने बावरलं असेल, असं समजून त्या म्हणाल्या, "बरं, शुक्रवारी फोन करून विचारू."

हे ऐकून आक्का रडकुंडीला आली. "केरबा, आता एकच ध्यानात ठेव. विद्यापीठातनं फोन आला, की समोरच्यानं विचारायचा अवकाश, तोंड भरून 'हो' म्हणायचं!"

शुक्रवारी आक्का दळण आणायला गेली आणि फोन वाजला.

तिसऱ्या विद्यापीठातल्या बाईंच्या कारकुनाने सरळ विचारलं, "आमच्याकडे येणार ना?"

"हो!"

मग दुसऱ्या विद्यापीठाचा फोन आला. "हो!" मग पहिल्याचा. "हो!"

घटकाभराने बाईंचा कारकून पुन्हा फोनवर. "अहो, तुमचं नाव तिन्हीकडे दिसतंय. आमच्याकडचं काढून टाकू का?"

"हो!"

मग दुसऱ्याने तेच विचारलं. मग पहिल्याने. केरबा एकदाही अडखळला नाही.

पाच वाजून गेल्यावर आक्का आली. "निवडलंस का रे एक?"

"तिन्ही निवडली."

"आणि?"

"तिन्ही सोडली."

आक्काने दळणाचा डबा खाली आदळला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मेल्या, मग आता जन्मभर माझ्या डोक्यावर बसणार हायस का?"

केरबा तोंड भरून म्हणाला, "हो!"