आबासाहेबांनी घातलेला कठडा

आबासाहेब कंत्राटदारांनी कागद पुढे केला की तो कुणी वाचायचा नाही, नुसती सही करायची, असा त्यांचा गावात रुबाब होता.

वैजयंताने मात्र तो वाचला. भाड्याच्या घराच्या ओट्यावर आबासाहेब बाकड्यावर बसले होते आणि तिचा नवरा हणमंत पेन उघडून तयार होता.

"आबासाहेब, नव्या घराला गच्ची लिहिलीय, पण कठडा कुठंय? आमचा शंभू आत्ता कुठं चालायला लागलाय."

आबासाहेब हसले. "कठड्याचं मागाहून बघू, वहिनी. नीट लक्ष ठेवलं की पोर कशाला पडतंय?"

"तेही खरंच. मग मी चहा टाकते, तोवर तुम्हीच ठेवा लक्ष. ओटा काय, गुडघ्याएवढा तर आहे."

शंभूला त्यांच्या पुढ्यात सोडून ती आत गेली. शंभू निघाला तो थेट कडेला. आबासाहेबांनी धरून आणला, की पुन्हा निघाला. त्यांची टोपी पडली, चष्मा घसरला. हणमंत उठायला लागला तर आतून आवाज आला, "तुम्ही बसा हो!"

ती चहा घेऊन आली, तर कडेला बाकडं आडवं पाडलेलं आणि आबासाहेब घाम पुसत उभे.

"हे काय हो?"

"अहो, पोर ऐकतंय का! म्हणून आडोसा केला."

"बरं केलंत. आता असाच गच्चीला करा, फक्त विटांचा. तेवढं कागदावर लिहा, की हे सही करतात."

आबासाहेबांनी कागदावर कठडा लिहिला. चहा मात्र उभ्यानंच प्यायला, कारण बाकडं उचलायला ते स्वतःच तयार नव्हते.