माश्यांचा वाटा

फार मागची गोष्ट आहे, बरं का. डोंगराच्या उतारावरच्या एका गावात कोंडिबा नावाचा मधपाळ राहत होता. अंगणाच्या कडेला मधमाश्यांच्या सात पेट्या. नवरा-बायकोचं पोट चालायचं ते त्या पेट्यांवरच.

गावची एक रीत होती. थंडीच्या तोंडाशी मध काढायचा, पण दर पेटीत एक भरलेलं पोळं राखायचं. तो माश्यांचा वाटा. हिवाळ्यात रानात फूल नसतं, मग त्यांनी खायचं काय?

त्या साली सात वर्षांनी कारवी फुलली होती. मध असा, की कितीही बोटं चाटली तरी पुरे होईना! चैत्राच्या जत्रेत ज्याचा मध सरस, त्याला पाटील मानाचा फेटा बांधत. कोंडिबाचा फेटा दरवर्षी थोडक्यात हुकायचा. राखलेल्या पोळ्यांतला मध सगळ्यांत दाट असतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तोही काढला आणि बरणी भरून फळीवर ठेवली.

“अहो, त्यांच्या तोंडचा घास आहे तो!” बायको म्हणाली.

“माश्याच त्या. भरतील कुठंतरी पोट,” कोंडिबा म्हणाला.

पौषात हाडं गोठवणारी थंडी पडली. कोंडिबा रोज सकाळी पेटीवर टिचकी मारून कान लावायचा. आतून गुणगुण आली की माश्या खुशाल. एके सकाळी पहिली पेटी गप्प. आठवड्याने दुसरी.

बायको कळवळून म्हणाली, “बरणी उघडा हो! वाटी-वाटी मध ठेवा आत. पाच पेट्या अजून जगतील.”

कोंडिबाने बरणी खाली काढली. त्यालाही वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण मेला तो फेटा डोळ्यांपुढून हलेना.

“चार दिवस बघू. जांभूळ फुलेलच आता,” म्हणाला, आणि बरणी परत फळीवर गेली.

चार दिवसांचे चाळीस झाले. एकेक पेटी गप्प होत गेली. फाल्गुन लागला त्या सकाळी सातवीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जांभूळ फुललं. सगळा उतार घमघमला, पण फुलांवर एक माशी नव्हती.

बायकोने सातवी पेटी उघडली. रिकाम्या पोळ्याच्या घराघरात डोकी खुपसून माश्या मरून पडल्या होत्या.

“अशा का गं मेल्या या?” कोंडिबाने विचारलं.

“शेवटपर्यंत मध शोधत होत्या,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

जत्रेत कोंडिबाचाच मध सरस ठरला. पाटलांनी स्वतः फेटा बांधला, पाठ थोपटली. “वा रे पठ्ठ्या! पुढच्या साली पहिली बरणी आमच्या घरी हं!”

कोंडिबा तसाच घराकडे वळला. घरी आल्यावर तो डोक्यावरच्या फेट्यासकट पेट्यांपाशी गेला. एकेकीवर टिचकी मारून त्याने सातही पेट्यांना कान लावला.

तात्पर्य: ज्यांच्या कष्टांवर आपलं घर उभं, त्यांचा वाटा मारून मिळवलेला मान मिरवायला मिळतो, पण घर उरत नाही.