गुडघाभर पाण्यातली बैठक

पुलावर गाडी हळू करून तुम्ही खाली पाहिलंत आणि विचारलंत, म्हणून सांगतो. ती जी माणसं नदीत गुडघाभर पाण्यात उभी आहेत, ती आंघोळीला आलेली नाहीत आणि अस्थी सोडायलाही आलेली नाहीत. ती उंबरठाणच्या राजूरकरांची धर्मादाय बैठक आहे. दवाखान्यात डॉक्टर कोण आणायचा, औषधाची गाडी कोणत्या वाड्यांना फिरवायची, हे त्या घराण्याला वर्षातून एकदा इथंच ठरवावं लागतं. स्वतःच्या काठाला नव्हे, ह्या पल्याडच्या, केळवंडीच्या काठाला. उभ्यानं. वाळूवर बसलेत ते केळवंडीचे लोक. बसायचा हक्क त्यांचा, राजूरकरांचा नाही.

मी सटवाजी भोई. आमच्या घरात हे सात पिढ्या सांगत आलेत. सांगताना दरवेळी माझं डोकं तापतं, ते तेवढं सांभाळून घ्या.

फार पूर्वी मन्मथआप्पा राजूरकर म्हणून मोठे व्यापारी होते. एकदा गोदामाईला पूर आलेला असताना त्यांची बैलं आणि माणसं मध्यधारेत सापडली. कुणा अनोळखी नावाड्यानं त्यांना ओढून काठाला लावलं, असं सांगतात. आप्पांनी विचारलं, "तुला काय देऊ?" तो म्हणाला, "मला काही नको. पल्याडून कुणी हाक मारली तर तिला उत्तर मिळू द्या." एवढं बोलून तो गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही म्हणे.

आप्पांनी तीन नावा बांधल्या. भोयांच्या पोटापाण्यासाठी नदीकाठची जमीन तोडून दिली आणि धर्मतर सुरू केली. धर्मतर म्हणजे फुकट नाव, कुणालाही, केव्हाही. नियम एकच होता: हाक आली की नाव सुटली पाहिजे.

आप्पा होते तोवर तसंच चाललं. ते गेले आणि कारभार दोन मुलांकडे आला, थोरला गुरलिंगआप्पा आणि धाकटा शिवमूर्तीआप्पा. त्यांच्याहून मोठी बहीण नागलाआक्का. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली होती. बापाच्या हयातीत नावांची डागडुजी, भोयांची आजारपणं, सगळं तीच पाहायची. पण बाप गेल्यावर भाऊ म्हणाले, "आक्का, लेकीबाळींचं इथं काय काम? तू आता देवाचं बघ."

भावांनी उंबरठाणच्या घाटावर दगडी सदर बांधली. वर मांडव घातला, लोड-तक्के ठेवले. तिथं बसून ते धर्माचा कारभार बघू लागले. मग एकेक फाटे फुटले. नावेत बसणाऱ्यानं आधी सदरेला नमस्कार करावा. पाहुणे यायचे असतील तर मोठी नाव राखून ठेवावी. दान बापानं केलं होतं, नमस्कार पोरं घेत होती! लोक मुकाट्यानं वाकत, कारण नदी सगळ्यांनाच ओलांडायची असते.

त्या श्रावणात चौथी नाव तयार झाली आणि तिच्यावर पहिलं नाव कुणाचं कोरायचं, यावरून भावांत जुंपली. थोरला म्हणे माझं, धाकटा म्हणे लाकूड मी आणलं. निकाल लागेपर्यंत एकही नाव हलवायची नाही, असा हुकूम सुटला. चारी नावांच्या साखळ्या एका लाकडी खुंटाला बांधल्या, कुलूप घातलं आणि किल्ली गुरलिंगआप्पाच्या कनवटीला गेली. बैठक दोन दिवस चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्याडून हाक आली. "ओऽऽ तारूऽऽ!" केळवंडीचा गणोजी कुंभार बायकोला बैलगाडीतून काठावर घेऊन आला होता. तुळसाला कळा लागल्या होत्या, मूल आडवं आलं होतं, आणि जाणती सुईण होती ती उंबरठाणात.

आमचा पूर्वज हरबा भोई सदरेवर धावला. "आप्पा, पल्याड बाई अडलीय. किल्ली द्या."

गुरलिंगआप्पा म्हणाला, "बैठक चालूय. निकाल लागू दे."

हरबा धाकट्याकडे वळला. तो म्हणाला, "अरे, नाव कुणाच्या हुकमानं सोडायची, तेच तर ठरायचंय!"

हाक येतच होती. हरबा दुसऱ्यांदा गेला, तेव्हा त्याला सदरेवरून खाली ढकललं. मग तो वाड्याच्या मागच्या दारानं नागलाआक्काकडे गेला. तिनं ऐकलं मात्र, लाकडं फोडायची कुऱ्हाड उचलली आणि तशीच घाटावर आली. भाऊ ओरडले, "आक्का, घराण्याची अब्रू!" तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुलूप तुटेना, म्हणून तिनं खुंटच फोडला. सुईणीला घेऊन नाव निघाली तेव्हा दुपार कलली होती.

निम्म्या पात्रात असतानाच हाक थांबली.

काठावर गणोजी वाळूत बसला होता. तुळसाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. ती गेली होती आणि मूलही गेलं होतं. सुईण रडायला लागली. आक्का रडली नाही. ती नावेतून पाण्यात उतरली आणि तिथंच थांबली.

"आक्का, बाहेर या," हरबा म्हणाला.

"कुठल्या तोंडानं येऊ? माझ्या बापाच्या धर्मानं बाई मारली. राजूरकर इथं येऊन ह्याच्यासमोर उभे राहत नाहीत, तोवर मी पाण्याबाहेर पाय ठेवणार नाही."

रात्र गेली. वर कुठंतरी पाऊस झाला आणि नदी चढली. काठची लव्हाळी बुडाली, बैलगाडी मागं ओढावी लागली. पण आक्काच्या भोवती पाणी गुडघ्याच्या वर गेलं नाही, असं सांगतात.

सकाळी भाऊ घाटावर आले. नावा होत्या, पण एकही भोई वल्ह्याला हात लावेना. दोघं काठावरून हाका मारू लागले. "ओऽऽ तारू!" घसा बसेपर्यंत ओरडले. पल्याड हरबा नावेत बसून होता. तो म्हणाला, "ओरडू द्या. कळू द्या त्यांना."

दुपार झाली तशी आक्का म्हणाली, "हरबा, जा."

"त्यांच्यासाठी?"

"हाक आलीय ना? मग नाव सुटली पाहिजे. आपण त्यांच्यासारखं वागलो तर बापाचा शब्द कुणी पाळायचा?"

हरबा दात चावत गेला आणि दोघांना घेऊन आला. भाऊ गणोजीच्या पाया पडायला वाकले. त्यानं पाय मागं घेतले.

"माफी नका मागू, मी देणार नाही. बसून बसून तुम्हाला नदीचा विसर पडलाय. इथून पुढं तुमची बैठक ह्या पाण्यात, ह्या काठाला, उभ्यानं. आम्ही बसू आणि विचारू. आमचं समाधान झाल्याबगर एक शब्द ठरायचा नाही."

भावांनी मान हलवली. तेव्हा आक्का पाण्याबाहेर आली. पुढं घाटावरची सदर तिनं उभी राहून पाडायला लावली, आणि मरेपर्यंत नावांचा कारभार तिनंच पाहिला. गणोजीनं माफी मात्र कधीच दिली नाही. बरं केलं.

आता पूल झालाय, नावा राहिल्या नाहीत; त्यांच्या जागी राजूरकरांच्या धर्माचा दवाखाना आणि औषधाची गाडी आली. पण आजही श्रावणात राजूरकर पाण्यात उतरतात. तीन वर्षांमागं त्यांचा एक नातू पुण्याहून आला होता, चांगला शिकलेला. काठावर बूट घालून उभा राहिला आणि सांगू लागला, की बैठक हॉलमध्ये घेऊ, पडद्यावर सगळं नीट दाखवता येईल. कुंभारवाड्यातली सोनाबाई पुढं बसली होती. तिनं विचारलं, "चैतात औषधाची गाडी अकरा दिवस आमच्याकडं का आली नाही?"

तो म्हणाला, "त्याचं असं झालं, की..."

"बूट काढा," सोनाबाई म्हणाली. "पाण्यात उतरा, मग बोला."

 त्यानं बूट काढले.