बॅगपाइपनं लोकर कोंबून घेतली

माझ्या आजीलासुद्धा दात फुटले नव्हते, तेव्हाची गोष्ट. तिकडं स्कॉटलंडच्या डोंगरात म्हाताऱ्या अँगसकडं एक बॅगपाइप होता. कातड्याची पिशवी आणि तिला नळ्या. त्यानं सूर लावला की पलीकडच्या दरीतली मेंढरंसुद्धा मान वर करायची. गावात कुणी गेलं की मयताला त्याच्याच सुरात डोंगरावर न्यायचं, अशी रीत.

मग अँगसच्या मालकानं इंग्लंडहून पियानो आणला. पियानो म्हणाला, "अरे, हे कोण रेड्यासारखं रेकतंय?"

बॅगपाइप लाजून अर्धा झाला. उंदराला म्हणाला, "मामा, माझ्या नळ्यांत लोकर कोंबा. चारचौघांत साहेबासारखं हळू बोलीन."

"गुदमरशील की रे मुडद्या!"

"गुदमरू दे. पण कुणी हसायला नको."

उंदरानं कोंबली. ती अशी घट्ट बसली, की परत निघेना.

त्याच हिवाळ्यात अँगस गेला. शेजाऱ्यानं बॅगपाइप फुंकला, तर नुसतं फुस्स. पियानो काही डोंगर चढत नाही. म्हाताऱ्याला सुराविनाच नेला.

सगळे परतल्यावर पियानो म्हणाला, "आज कसा सभ्य वाटलास!"

आणि काय सांगू बायांनो, त्या मेल्या बॅगपाइपला बरं वाटलं.