डोळ्यांवर येणारी पगडी

एक होती राणी. आता राणी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दागिने घातलेली मोठी बाई उभी राहिली असेल. तसं काही नाही बरं का. ही राणी होती अकरा वर्षांची, नुकताच एक दात पडलेली. नाव तिचं शेवंता. आई तान्हेपणीच गेलेली, आणि त्या चैत्रात वडीलही देवाघरी गेले. मग काय, लोकांनी पोरीलाच उचलून गादीवर बसवलं.

राज्याचं नाव मोरतळं. राज्य एवढंसं, पण त्याचं तळं हे भलं मोठं. तळ्याला मातीचा बांध आणि बांधाच्या खाली सगळं गाव.

या राज्यात एक रीत होती. दरबारात भिंतीवर तीन खुंट्या आणि खुंट्यांवर तीन पगड्या. पहिली शेवंताच्या खापरपणजोबांची. त्यांना म्हणायचे वाघराजा, कारण चाळीस माणसं घेऊन त्यांनी हजारोंची फौज पळवून लावली होती. दुसरी पणजोबांची, तळेराजाची. तळं त्यांनीच बांधलं. आणि तिसरी आजोबांची, न्यायराजाची. त्यांच्या दारातून कुणी रडत परत गेलं नाही म्हणे. राज्यावर संकट आलं की राजानं यातली एक पगडी डोक्यावर घालायची. मग ती पगडी बोलायची! हो, खरंच बोलायची. पण ज्यानं ती एकदा डोक्यावर घातली असेल त्यालाच ऐकू यायचं. आणि भरल्या दरबारात पगडी उतरवली, तर गादी सोडायची. नियम म्हणजे नियम.

शेवंताच्या वडिलांची पगडी कुठे होती? पेटीत. त्यांनी मोठं असं काही केलं नव्हतं ना, म्हणून त्यांना खुंटी नाही. त्यांची एक सवय मात्र गावभर ठाऊक होती. दरबारात बसले की घटकेघटकेला एका बोटानं पगडी मागं सारायचे. लोक हसायचे. म्हणायचे, "आमच्या राजांच्या डोक्याला खाज फार." शेवंताला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तर एकदा काय झालं, ऐन श्रावणात बांध गळायला लागला. आधी बोटाएवढी धार. बांध फुटला असता तर गाव, गोठे, पाळण्यातली पोरं, सगळं वाहून गेलं असतं. दिवाणजी धावत आले. म्हणाले, "राणीसरकार, पगडी घाला."

शेवंतानं वाघराजाची पगडी घातली. मोठ्या माणसांची डोकी मोठी, पोरीचं डोकं नारळाएवढं. पगडी घसरली ती थेट नाकावर आली. काही म्हणता काही दिसेना. पण आवाज आला, "पोरी, भितेस काय? चाल करून जा!"

मग शेवंतानं हुकूम सोडला. नगारे वाजले. पाचशे शिपाई तलवारी उपसून बांधावर चढले. आता पाण्याला तलवार दाखवून पाणी घाबरतं का रे? बांध त्यांच्या वजनानं आणखी दबला. तिथेच एक म्हातारी शेवंताच्या पालखीमागं ओरडत होती, "राणीबाय, जरा ऐक गो." पण नगाऱ्यांपुढे तिचं कोण ऐकणार? ती होती गोजरा, खेकडे पकडून विकणारी. संध्याकाळपर्यंत धार मनगटाएवढी झाली.

दुसऱ्या दिवशी शेवंतानं तळेराजाची पगडी घातली. तीही नाकावर. पगडी म्हणाली, "जुन्या वडापासून शंभर पावलं चाल, आणि चर खण. पाणी तिकडे वळेल." मग शंभर पावलं मोजली आणि लोकांनी चर खणला. पण तळेराजाचा वड कधीच पडला होता बरं का. हा वड त्याच्या पारंबीचा, पार पलीकडे वाढलेला. चर गेला तो नेमका कुंभारांच्या भट्ट्यांतून. कच्ची मडकी फुटली, कुंभारणी रडायला लागल्या, आणि पाणी काही वळलं नाही. "राणीबाय, हितं नको खणूस," असं गोजरा सांगत होती. शिपायांनी तिला बाजूला केलं.

तिसऱ्या दिवशी धार मांडीएवढी झाली. रात्री बिचाऱ्या शेवंतानं अन्नाला हात लावला नव्हता. राहिली एकच पगडी, न्यायराजाची. ती घातली, नाकावर आली, आणि म्हणाली, "अपराधी शोध. अपराध्याशिवाय संकट येत नाही."

मग शिपायांनी गोजराला धरून आणलं. म्हणाले, "ही रोज पहाटे बांधावर असते. हिनंच काहीतरी उकरलंय." दरबार ओरडला, "हाकलून द्या! गावाबाहेर काढा!"

गोजरा हात जोडून म्हणाली, "बाय माझे, मी काय सांगू? तू माझे पाय बघ."

आता पगडीच्या आत तर सगळा काळोख. शेवंतानं हळूच विचारलं, "आजोबा, पाय बघू का?"

पगडी म्हणाली, "न्याय करणारा बघत नाही. ऐकतो. सगळे काय म्हणतात ते ऐक."

सगळे म्हणत होते, हाकला. शेवंतानं शिक्षा सांगायला तोंड उघडलं आणि तिचं एक बोट आपोआप कपाळाशी गेलं. तिनं पगडी मागं सारली. क्षणभर उजेड आला. पगडी पुन्हा घसरली. तिनं पुन्हा सारली. आणि मग तिला कळलं. बाळांनो, तिला तेव्हा कळलं की तिच्या बाबांच्या डोक्याला खाज कधीच नव्हती. त्यांचीही पगडी डोळ्यांवर यायची, आणि त्यांना समोरचं माणूस बघायचं असायचं. लोक हसले तरी ते दिवसभर बोटानं पगडी सारत बसायचे. पोरीच्या डोळ्यांना धारा लागल्या. आपल्याला बाबांची लाज वाटायची, याचं तिला फार वाईट वाटलं.

मग तिनं काय केलं? दोन्ही हातांनी पगडी उचलली आणि मांडीवर ठेवली. भरल्या दरबारात!

दिवाणजी किंचाळले, "सरकार, गादी गेली!"

"जाऊ दे," शेवंता म्हणाली. "आधी मला आजीचे पाय बघू दे."

ती खाली उतरली आणि गोजरापुढे उकिडवी बसली. तळ्यातला चिखल काळा असतो, पण गोजराचे पाय घोट्यापर्यंत पांढरे होते. शेवंतानं विचारलं, "आजी, ही कुठली माती?"

"टेकडीमागची चिकण माती गो," गोजरा म्हणाली. "खेकडे बांधात बिळं करतात. बीळ कुठं आहे ते माझ्या पायांना कळतं. रोज पहाटे ही माती तुडवून बुजवते. औंदा गुडघे धरलेत, एकटीनं होत नाही. तेच सांगाया तीन दिस येतेय."

शेवंतानं पायातले वाळे काढून ठेवले आणि पळत सुटली टेकडीकडे. तिच्यामागं गोजरा लंगडत, मग कुंभारणी टोपल्या घेऊन, मग शिपाई, आणि सगळ्यात शेवटी धोतर सावरत दिवाणजी. पांढरी माती आणली. गोजरा बीळ दाखवायची, लोक माती ओतायचे, पोरं नाचून नाचून तुडवायची. धार मांडीएवढीची मनगटाएवढी झाली, मनगटाएवढीची बोटाएवढी झाली. दिवेलागणीला बांध कोरडा!

मग शेवंता चिखलाच्या पायांनी दरबारात आली आणि दाराशीच उभी राहिली. गादी गेलेली ना! तेव्हा दिवाणजींनी गोजराकडे बघितलं, गोजरानं लोकांकडे बघितलं, आणि लोकांनी शेवंताला उचलून पुन्हा गादीवर नेऊन बसवलं. नियम मोडला म्हणून कुणीही कुरकुर केली नाही.

लोक घरी गेल्यावर तिनं पगड्यांपाशी जाऊन विचारलं, "रागावलात का हो?" वाघराजाची पगडी हसली. न्यायराजाची जराशी ओशाळली. आणि तळेराजाची पगडी खोकत म्हणाली, "पोरी, ती पांढरी माती मलासुद्धा एका खेकडेवालीनंच दाखवली होती. लोक मलाच शहाणा म्हणायला लागले आणि मी तिचं नाव विसरलो बघ."

मग शेवंतानं पेटीतून बाबांची पगडी काढली. ती काहीच बोलली नाही. पण तिच्या पुढच्या कडेला एके ठिकाणी कापड झिजून पातळ झालं होतं, बरोब्बर एका बोटाएवढं. शेवंतानं त्या जागी आपलं बोट ठेवून बघितलं. मग चौथी खुंटी ठोकली आणि ती पगडी तिथे टांगली.

पुढे शेवंता म्हातारी होईस्तोवर राणी होती. पगड्यांचं ऐकायची, पण मांडीवर घेऊन. आणि कुणीही दारी आलं की आधी त्याचे पाय बघायची. मोरतळ्याचा बांध अजून उभा आहे, माणसं सुखात आहेत, खेकडे तर आहेतच.

संपली गोष्ट. आता तुमचे पाय बघू. अगं बाई, हे काय हे! कुठला बांध तुडवून आलात? चला, उठा, पाय धुऊन या, आणि मग आजीच्या कुशीत गुपचूप झोपा.