तिसरीचा भूगोल

एका संस्थानात शाळेची पुस्तकं मंजूर करायला एक मंडळ होतं. मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब टिपणीस, आणि तिसरीला चालू असलेला भूगोलही त्यांनीच लिहिलेला. पक्षपात नको म्हणून नव्या पुस्तकाची हस्तलिखित प्रत बिननावाची पाठवायची, असा नियम होता. पण यमुताई धारप या शिक्षिकेचं अक्षर रावसाहेब लांबून ओळखत. तिचा भूगोल त्यांनी दोनदा परत धाडला.

तिसऱ्या खेपेला खुद्द दिवाण बैठकीला आले; तिसरीची शिक्षिका म्हणून यमुताईलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. रावसाहेबांनी अक्षर पाहिलं आणि बाड मिटलं.

"पुन्हा तेच रडगाणं! वर्षभर घोकलं तरी नदी कुठून निघते, हे एका पोराला सांगता येणार नाही."

"बाई, तुमचं काय म्हणणं?" दिवाणांनी विचारलं.

"रावसाहेबांचं अगदी खरं आहे," यमुताई म्हणाली. "चार वर्षं मी हेच पुस्तक शिकवतेय, अजून एकालाही सांगता आलेलं नाही. या खेपेला मी रावसाहेबांचाच भूगोल उतरवून पाठवलाय."

दिवाणांनी रावसाहेबांचा शेरा जसाच्या तसा मंजूर केला. पुढच्या वर्षी तिसरीचं पुस्तक बदललं.