पेत्रसभाऊनं केलेली सेवा

एका गावात एक भोळा गोरा माणूस होता. गाव आमचं, माणूस त्यांचा. गावाचं नाव बोरखेडी. माणसाचं खरं नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याला पेत्रसभाऊ म्हणायला लागलो. तोही ओ द्यायला लागला.

आमच्याकडं दर हिवाळ्यात परदेशातल्या ख्रिस्ती मंडळीतून चार-सहा जण सेवेला यायचे. पंधरा दिवस राहायचे. भिंतीला रंग द्यायचे, पोरांबरोबर गाणी म्हणायचे, फोटो काढायचे आणि रडत रडत परत जायचे. रडायचे कशासाठी ते आम्हाला कधी कळलं नाही. त्या साली आल्या आल्या बाकीच्यांची पोटं बिघडली. ते तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आडवे झाले. ठणठणीत राहिला तो एकटा पेत्रसभाऊ. देवाची करणी.

माणूस कामाला वाघ. मराठी घरूनच शिकून आलेला. सांगितलेलं सगळं कळायचं. न सांगितलेलं काही कळायचं नाही. आणि एकदा सांगितलेलं विसरायचा नाही. तीच तर पंचाईत होती.

त्यात दिवस असे अडचणीचे. आम्ही बोरखेडीची ख्रिस्ती माणसं लिंबाच्या झाडाखाली प्रार्थना करायचो; देऊळ, म्हणजे चर्च, आम्हाला नव्हतंच. नवे बिशपसाहेब आले आणि त्यांनी हुकूम काढला. नाताळाच्या आधीच्या रविवारी मी स्वतः येतो. बोरखेडीचं देऊळ उभं दिसलं तर अर्पणविधी करतो, म्हणजे ते देवाच्या नावे करून देतो. नाही दिसलं तर बोरखेडीची मंडळी धामणवाडीच्या मंडळीत जमा.

धामणवाडीत जमा! त्यापेक्षा विहीर बरी. तिथला पुढारी लाजरस बोर्डे. तोंडानं फाटका. बाजारात भेटला की म्हणायचा, "या, या. मागचं बाक झाडून ठेवलंय तुमच्यासाठी."

आमच्या बायकांनी वर्षभर रोजच्या स्वैपाकातून मूठ मूठ ज्वारी बाजूला काढली होती. ती विकून विटा आणल्या. विटा लिंबाखाली रचून ठेवल्या. आता फक्त देऊळ बांधायचं राहिलं होतं आणि हाताशी पेत्रसभाऊ होता.

तो उतरला मार्थाबाई अमोलिकांच्या घरी. पहिल्याच दिवशी चिखलाचे बूट घालून थेट चुलीपर्यंत गेला. मार्थाबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"आरं देवा! पायातलं काढ आधी. बाहेर काढून ठेवायचं, मग आत पाय टाकायचा. हीच रीत आमची."

"बाहेर काढायचं, मग आत यायचं," पेत्रसभाऊ म्हणाला. "कळलं."

दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळीचे पाळकसाहेब त्याला घेऊन खिळे आणायला तालुक्याला निघाले. फाट्यावर एसटी आली. पाळकसाहेब चढले. पेत्रसभाऊनं खाली उभं राहून बुटांचे बंद सोडले. बूट रस्त्याच्या कडेला जोडीनं नीट ठेवले. मोजे त्यांच्यात कोंबले. मग गाडीत चढला.

गाडी सुटली. नदीच्या पुलावर पाळकसाहेबांचं लक्ष गेलं.

"पेत्रसभाऊ, तुमचे बूट?"

"बाहेर काढले."

कंडक्टर म्हणाला, "का हो पाव्हणं, गाडी सारवलीय का आम्ही?"

परत आले तर फाट्यावर बूट नव्हते. मोजे होते. ते एका कुत्र्याच्या तोंडात होते. पाळकसाहेब त्याला आतापर्यंत अहो-जाहो करत होते. ते अरे-तुरेवर आले.

"हे बघ बाबा. आपलं काही मागं टाकायचं नाही. कुठनंही उठलास की हातात आहे ते घेऊन निघायचं."

"हातात आहे ते घेऊन निघायचं. कळलं."

तिसऱ्या दिवशी शेजारच्या रिबकाच्या घरी त्याला चहाला बोलावलं. रिबकानं त्याला खाटेवर बसवलं. तिचं सहा महिन्यांचं पोर रडत होतं. ते तिनं त्याच्या हातात दिलं आणि कपबशा धुवायला परसात गेली. पेत्रसभाऊ कामाचा माणूस. चहा झाल्यावर उठला. हातात काय आहे ते बघितलं. घेऊन निघाला.

अर्ध्या तासात सगळी आळी उलटीपालटी झाली. कुणी आडात डोकावतंय, कुणी कणगीत. रिबका ऊर बडवतेय. पोर सापडलं लिंबाखाली. सिमेंटच्या घमेल्यात, पेत्रसभाऊच्या स्वेटरवर, गाढ झोपलेलं. तो पायानं घमेलं हलवत होता आणि हातानं वाळू चाळत होता.

मार्थाबाईंनी कपाळावर हात मारला. "ही वस्तू तुझी का रं? दुसऱ्याची ना? मग? ज्याची असंल त्याच्या घरी नेऊन घालायची!"

"ज्याची त्याच्या घरी," पेत्रसभाऊ म्हणाला. "कळलं."

तो कळलं म्हणाला की आम्ही त्याच्यावर डोळा ठेवायचो. पण मंगळवार बाजाराचा दिवस. सगळं गाव बाजाराला गेलं. पाळकसाहेब जाताना म्हणाले, "विटा भिजवून ठेव. उद्यापासून भिंत चढवू."

पेत्रसभाऊनं पहिली वीट उचलली. पाण्यात बुडवायच्या आधी वाचली. विटेवर नाव छापलेलं होतं: माणिकशेठ. दुसरी उचलली. तिच्यावर माणिकशेठ. तिसरीवर माणिकशेठ. एकूण एक वीट माणिकशेठची! माणिकशेठ म्हणजे ओढ्यापलीकडचा भट्टीवाला. सगळ्या विटांवर तो आपलं नाव छापतो.

पेत्रसभाऊनं बाह्या सरसावल्या. हातगाडी काढली. दिवसभर घाम गाळला. ज्याची त्याच्या घरी.

माणिकशेठ धंदेवाला. दारी आलेल्या विटेला तो नाही म्हणत नाही. शेवटची गाडी रिकामी झाली तेव्हा त्यानं पेत्रसभाऊला गुळाचा खडा दिला, म्हणाला, "असा प्रामाणिक माणूस आमच्यात नाही मिळत." आणि त्याच संध्याकाळी सगळ्या विटा विकून मोकळा झाला. कुणाला? लाजरस बोर्डेला. त्याला म्हशींसाठी गोठा बांधायचा होता.

बाजारातून आम्ही आलो तर लिंबाखाली नुसती जागा. पाळकसाहेब मटकन खाली बसले. डोक्यावरची टोपी काढून मातीत ठेवली. त्यांना असं बसलेलं आम्ही कधी बघितलं नव्हतं.

"पेत्रस, विटा कुठायत?"

"माणिकशेठच्या घरी. सगळ्या. एकसुद्धा फुटली नाही."

पोरं खिदळली. पाळकसाहेब हसले नाहीत. माणिकशेठकडं जाऊन आले, तेव्हा तर घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

"धामणवाडीला गेल्या बाबा विटा. लाजरसच्या दारात. त्या विटा म्हणजेच आमचं देऊळ होतं रे. बायकांच्या पोटचा घास होता. विटा तिथं गेल्या, आमचं देऊळ तिथं गेलं."

पेत्रसभाऊचे डोळे भरून आले. "विटा तिथं, देऊळ तिथं," तो म्हणाला. "कळलं."

आमचं त्याच्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. तिथंच चुकलं.

मार्थाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "उठा पाळकसाहेब. विटा नसतील, कडबा हाय की! येशूबाबा गोठ्यात जन्मला. त्याला कडब्याची लाज नाही, मग आपल्याला कसली?"

मग काय, घराघरातून कडबा निघाला. ज्याच्या बैलाचा होता त्यानं बैलाचा दिला. आम्ही बांबू रोवले. कडब्याच्या पेंढ्या उभ्या बांधून भिंती केल्या. वर उसाचं पाचट टाकलं. बायकांनी खाली शेणानं सारवलं, रांगोळी घातली. झेंडूच्या माळा सोडल्या. लाकडाचा क्रूस केला, तो तेवढा रंगवायचा म्हणून लिंबाला टेकवून ठेवला. शनिवारी संध्याकाळी आमचं देऊळ उभं होतं. वाकडं होतं, पण उभं होतं.

पेत्रसभाऊ लांबून बघत होता. खाली शेण, चारी बाजूंनी कडबा. त्यानं काय अर्थ लावला असेल तो लावला. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणीही तोच लावला असता.

रविवार उजाडला. पेत्रसभाऊच्या हाताला काम दिलं की काम बिघडतं, हे एव्हाना पाळकसाहेबांना समजलं होतं. म्हणून त्यांनी त्याच्या पायांना काम दिलं.

"फाट्यावर जा. बिशपसाहेब उतरले की त्यांना घेऊन नीट आपल्या देवळात ये. इकडंतिकडं कुठं नाही. आपल्या देवळात. कळलं?"

"कळलं."

बिशपसाहेब वेळेचे पक्के. उतरले आणि चालायला लागले. शहरातला माणूस, आधी कधी इकडं आलेला नाही. पेत्रसभाऊनं त्यांना डावीकडं वळवलं. बोरखेडी उजवीकडं.

धामणवाडीत चिटपाखरू नव्हतं. सगळी धामणवाडी लाजरसच्या मागं बोरखेडीला गेली होती, आमची फजिती बघायला. लाजरसनं गवंडी लावून चार दिवसांत उभ्या केलेल्या नव्या कोऱ्या विटांच्या इमारतीत बिशपसाहेब शिरले. आत ओळीनं म्हशी. समोर गव्हाण. गव्हाणीत गवत.

बिशपसाहेबांनी चष्मा पुसला.

"नाताळाचा देखावा केलाय! गव्हाण! जिवंत जनावरं! शहरात आम्ही पुठ्ठ्याची करतो. पण मंडळी कुठाय?"

"येणार आहे," पेत्रसभाऊ म्हणाला.

"मी वेळेवर सुरू करतो. प्रार्थनेपुरती ही जनावरं बाहेर बांधा. कुठं बांधाल?"

"त्यांच्या गोठ्यात," पेत्रसभाऊ म्हणाला. "मला माहीत आहे."

बिशपसाहेबांनी डोळे मिटले. त्यांची प्रार्थना लांब असते. पेत्रसभाऊनं दावी सोडली आणि म्हशी ओढ्याच्या वाटेनं हाकत नेल्या.

इकडं आम्ही वाट बघून बघून कंटाळलो. पाळकसाहेब म्हणाले, चला, सामोरं जाऊ. सगळं गाव लेझीम खेळत सडकेनं फाट्याला निघालं. पाठोपाठ धामणवाडीकरही, दात काढत. म्हणजे आम्ही सडकेवर आणि म्हशी ओढ्यात. बोरखेडीत राहिल्या फक्त कोंबड्या.

फाट्यावरचा चहावाला म्हणाला, "बिशप? ते मघाशीच गेले की गोऱ्यासंगं. धामणवाडीकडं."

लेझीम थांबली. पाळकसाहेब पळत सुटले. त्यांच्यामागं आम्ही. आमच्यामागं लाजरस, आणि मग आमच्यापुढं लाजरस.

पोचलो तेव्हा बिशपसाहेब शेवटच्या भिंतीला हात लावून म्हणत होते, "...आणि ही वास्तू आजपासून बोरखेडीच्या मंडळीची म्हणून, परमेश्वरा, तुला कायमची अर्पण करतो. आमेन."

"आमेन," आम्ही सवयीनं म्हणालो.

"आमेन काय, आमेन काय!" लाजरस ओरडला. "माझा गोठा हाय हा!" गोठ्याच्या नादात म्हशी जागेवर नाहीत हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

बिशपसाहेब वळले. सगळं त्यांना तिघांनी तीन वेळा सांगावं लागलं. ऐकताना ते लाल झाले, मग पांढरे झाले.

"देवाला दिलेलं मी परत मागत नाही," ते म्हणाले. "पण तुमचं खरं देऊळ बोरखेडीत उभं असेल तर दाखवा. ते बघतो, त्याचा अर्पणविधी करतो, आणि मग या गोठ्यासाठी देवाची क्षमा मागून तो सोडतो."

पाळकसाहेबांच्या जिवात जीव आला. "उभं आहे साहेब! कडब्याचं आहे, पण उभं आहे! चला!"

पुन्हा लेझीम. लाजरस सगळ्यात पुढं. त्याला गोठा परत पाहिजे होता, म्हणून आमचं देऊळ उभं असावं अशी तो मोठमोठ्यानं प्रार्थना करत होता. आयुष्यात पहिल्यांदा आमची आणि त्याची प्रार्थना एक झाली.

लिंबाजवळ आलो आणि लेझीम आपोआप बंद पडली.

चार बांबू उभे होते. पाचट खाली बसलं होतं. भिंती नव्हत्या. भिंतींच्या जागी लाजरसच्या म्हशी होत्या. गळ्यात आमच्या झेंडूच्या माळा, तोंडात आमच्या भिंतीची शेवटची पेंढी. पेत्रसभाऊ एकीची पाठ थोपटत होता. "म्हशी त्यांच्या गोठ्यात आणल्या," तो म्हणाला. घामानं निथळत होता, पण चेहऱ्यावर समाधान असं, की जणू सेवेला आल्याचं सार्थक झालं.

बिशपसाहेबांनी एकेक बांबू हातानं हलवून बघितला. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मार्थाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"बोरखेडीत देऊळ उभं नाही," बिशपसाहेब म्हणाले.

मग त्यांनी धामणवाडीकडं बोट केलं.

"पण बोरखेडीचं देऊळ उभं आहे. पक्क्या विटांचं. मी आत्ताच हात लावून आलोय. ही मंडळी कुठंही जमा होणार नाही."

जो काही गलका झाला म्हणता! रिबका नाचली, मार्थाबाई नाचल्या, पाळकसाहेबांची टोपी कुठं उडाली ती अजून सापडलेली नाही.

लाजरस तेवढा नाचला नाही. तो गर्दी बाजूला सारत पेत्रसभाऊच्या छातीशी जाऊन उभा राहिला.

"आरं गोऱ्या! माझा गोठा घेतला देवानं. मग माझ्या म्हशींना आणलंस तो गोठा कुठाय? तो तर दे मला!"

"तुमचा आहे," पेत्रसभाऊ म्हणाला. "घेऊन जा."

आणि त्यानं अदबीनं म्हशींच्या पोटाकडं बोट दाखवलं.